दाराआडच्या माणसाला तारीख सांगा

घरात कुणाला संसर्गाचा आजार निघाला की बाकीची व्यवस्था आपल्याकडे चटकन लागते. आतली खोली रिकामी होते, ताट-वाटी-तांब्या वेगळा काढला जातो, गोळ्यांची पाकिटं उशाशी जातात, ऑक्सिमीटर शेजारून मागून येतो आणि दार लोटलं जातं. मनाच्या वाट्याला मात्र एकच वाक्य येतं: काळजी करू नकोस, होशील बरा. दिवसातून चार वेळा दाराबाहेरून तेच. बोलणाऱ्याची माया खरी असते, पण त्या वाक्यात ऐकणाऱ्याच्या हाती लागण्यासारखं काही नसतं. आत पडलेल्या माणसाचे प्रश्न साधे असतात. मला इथे का ठेवलंय, कधीपर्यंत, माझ्यामुळे कुणाला झालं का, माझ्यावाचून घरात काय चाललंय. या प्रश्नांची उत्तरं मिळत असतील तर धीर वेगळा द्यावा लागत नाही, आणि मिळत नसतील तर नुसत्या धीराने भागत नाही. कांजिण्या असोत, गोवर, फ्लू, कोविड की नुकताच उपचार सुरू झालेला क्षयरोग, घरच्या विलगीकरणाची आखणी या प्रश्नांपासून सुरू करावी, असं माझं म्हणणं आहे.

याला आधार आहे. २०२० च्या फेब्रुवारीत, भारतात कोविडची साथ अजून पसरायची होती तेव्हा, लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक आढावा प्रसिद्ध केला. सार्स, इबोला, मर्स, स्वाइन फ्लू अशा साथींत ज्यांना वेगळं राहावं लागलं, त्यांच्यावरचे २४ अभ्यास त्यांनी एकत्र तपासले. माणसं कशाने खचतात याची जी कारणं पुढे आली ती अशी: लांबत गेलेली मुदत, लागणीची भीती, कंटाळा आणि चिडचिड, सामानसुमानाची टंचाई, अपुरी माहिती, आणि बाहेर आल्यानंतर पैशांची ओढाताण व लोकांच्या नजरा. एकटेपणा त्यात आहेच. पण या कारणांपैकी बरीचशी दार न उघडताही दूर करता येतात, आणि तीच घरच्यांच्या हातातली असतात. टोरांटोमध्ये २००३ साली सार्सच्या वेळी १५,००० हून अधिक लोकांना विलगीकरणात राहायला सांगण्यात आलं होतं. त्यांपैकी १२९ जणांनी नंतर एक प्रश्नावली भरून दिली. त्यांतल्या सुमारे २९ टक्क्यांत आघातानंतर दिसणाऱ्या ताणाची आणि सुमारे ३१ टक्क्यांत नैराश्याची लक्षणं आढळली, आणि ज्यांचे दिवस जास्त त्यांच्यात ताणाची लक्षणंही जास्त. हे आकडे जपून वाचायला हवेत. उत्तरं स्वतःहून पाठवणाऱ्यांत त्रास झालेले लोक अधिक असू शकतात, आणि प्रश्नावलीत लक्षणं दिसली म्हणजे आजाराचं निदान झालं असं नव्हे. शिवाय हे बहुतेक लोक आजारी नव्हते, रुग्णाच्या संपर्कात आलेले होते. तरी मुदत लांबली की मनावरचा भार वाढतो, ही दिशा आढाव्यात आणि टोरांटोत सारखीच दिसते.

आपल्या घरांत या गोष्टीला आणखी एक पदर आहे. माणसाला घरातच बाजूला बसवणं आपल्याला नवीन नाही. पाळीच्या दिवसांत बायकांना बाहेर बसवणं, त्यांना वरून वाढणं, त्यांनी शिवलेलं धुऊन घेणं हे अनेक घरांत परवापरवापर्यंत चाललं, काही घरांत अजून चालतं. जातीच्या नावाखाली तर पिढ्यान्पिढ्या वस्त्याच बाजूला ठेवल्या गेल्या. त्यामुळे दाराशी सरकवलेलं ताट दिसायला विटाळाच्या ताटासारखंच दिसतं. ज्या बाईने ते दिवस पाहिलेत तिला आता त्यामागे जंतूंचं शास्त्र आहे हे आपोआप कळेल, असं समजू नये. कृती तीच असते, फरक फक्त सोबतच्या बोलण्याने पडतो. ताट खाली ठेवून मुकाट्याने निघून जाणं वेगळं, आणि ताट ठेवून दोन पावलं मागे उभं राहून ‘आज मेथी तुमच्या आवडीची केलीय, खाऊन झालं की हाक मारा’ म्हणणं वेगळं. २०२० मध्ये हे सगळं घराबाहेरही घडलं. महाराष्ट्रात मार्चमध्ये घरी विलगीकरणात ठेवलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले, देशभर अनेक घरांच्या दारांवर पत्रकं लागली. अशी पत्रकं सरसकट लावू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाला त्या वर्षी ९ डिसेंबरला सांगावं लागलं. जंतूला अडवायला दारावरच्या कागदाचा फारसा उपयोग नव्हता. शेजाऱ्यांच्या नजरा बदलायला मात्र तो पुरेसा होता.

आता तारखेबद्दल. ‘थोडे दिवस’, ‘बरं वाटेपर्यंत’, ‘डॉक्टर सांगतील तेव्हा’ ही उत्तरं टाळा. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा की लागण देण्याचा काळ कधी संपतो आणि ते कशावरून ओळखायचं. कांजिण्यांत सगळे फोड सुकून त्यांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे सहसा पुरळ उठल्यापासून पाच ते सात दिवस. गोवरात पुरळ उठल्यानंतर चार दिवस. कोविडच्या सौम्य रुग्णांसाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये ठरवलेला नियम चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून किमान सात दिवस आणि सलग तीन दिवस ताप नाही, असा होता. क्षयरोगात योग्य औषधं लागू पडत असतील तर संसर्ग देण्याची क्षमता लवकर उतरते आणि साधारण दोन आठवड्यांची खबरदारी सांगितली जाते. औषधांना दाद न देणाऱ्या प्रकारात हा काळ लांबतो, तिथे डॉक्टरांचाच शब्द प्रमाण. या सगळ्यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की काही ठिकाणी शेवटची तारीख देता येते आणि काही ठिकाणी फक्त अट देता येते. अट असेल तिथे पुढच्या तपासणीची तारीख द्या. ‘बुधवारी सकाळी फोड बघू. सुकले असले तर बाहेर, नाहीतर शनिवारी पुन्हा.’ बुधवार भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा, तेही आजारी माणसाच्या हातानेच. एक धोका मात्र ध्यानात असू द्या. समाधान व्हावं म्हणून मुद्दाम जवळची तारीख सांगायची आणि मग रोज एकेक दिवस पुढे ढकलायचा, हे मुळीच न सांगण्यापेक्षा वाईट. शंका असेल तर लांबची तारीख सांगा. दोन दिवस आधी सुटल्याचं दुःख कुणाला होत नाही.

यावर घरातल्या मोठ्यांचा आक्षेप ठरलेला असतो: इतकं सगळं सांगितलं तर माणूस घाबरेल, विशेषतः म्हातारं माणूस किंवा लहान मूल. न सांगितल्याने भीती जात असती तर हा आक्षेप मान्य करता आला असता. पण दार लावलेलं असतं, बाहेरची कुजबुज ऐकू येते, फोन चालू असतो आणि वॉट्सअॅपवर हव्या तेवढ्या भयकथा येतात. आपण रिकामी ठेवलेली जागा त्या भरतात. सत्य सांगणं म्हणजे सगळं एका दमात ओतणं नव्हे. जेवढं विचारलं तेवढ्याचं खरं उत्तर द्यायचं, आणि आपल्याला माहीत नसेल तर ‘उद्या अकरा वाजता डॉक्टरांशी बोलून सांगतो’ म्हणायचं, मग अकराला खरोखर सांगायचं. घरात आणखी कुणाला ताप आला असेल तर तेही लपवू नका. ते चार दिवसांनी कळतंच, आणि मग बाकीच्या सगळ्या बोलण्यावरचा विश्वास उडतो. ‘माझ्यामुळे झालं’ या टोचणीवर ‘तसं काही नाही’ हे उत्तर पुरत नाही. कांजिण्यांची लागण पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच सुरू होते, म्हणजे तुला काही कळायच्या आधीच व्हायचं ते होऊन गेलं होतं, ही माहिती दोषाचं ओझं जास्त हलकं करते. मुलांना तर कारण सांगणं फारच गरजेचं असतं, कारण वेगळं ठेवणं आणि शिक्षा करणं यांत त्यांना फरक दिसत नाही.

मन खाली गेल्याचा काही भाग शरीराचा असतो, हेही आजारी माणसाला माहीत असावं. शरीर जंतूशी लढताना जी रसायनं सोडतं ती मेंदूपर्यंत परिणाम करतात. भूक मरते, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, सगळं निरर्थक वाटतं. निरोगी लोकांना टायफॉइडची लस टोचून पाहिलेल्या प्रयोगांत काही तासांतच त्यांचा मूड उतरलेला दिसला. तिथे ना कोंडणं होतं ना काळजी. म्हणजे तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ‘आपल्या आयुष्यात काही राम नाही’ असं वाटलं तर तो आयुष्याचा हिशेब समजू नका, बराचसा तापाचा समजा. राजीनामा, वाटणी, लग्न मोडणं असले विषय त्या आठवड्यात काढूही नका. औषधांचाही भाग असतो. स्टेरॉइडने झोप उडते, कधी मन विनाकारण सैरभैर होतं. दाद न देणाऱ्या क्षयरोगात दिलं जाणारं सायक्लोसेरिन काही जणांत नैराश्य किंवा भ्रम निर्माण करतं. असं वाटलं तर गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना कळवा. आधीपासून मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर तीही चालूच ठेवायची. लिथियम घेणाऱ्यांनी मात्र ताप, उलट्या, जुलाब सुरू झाले की त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं, कारण अंगातलं पाणी कमी झालं की लिथियमचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

राहिला प्रश्न दिवस घालवण्याचा. ‘बरं वाटलं की करीन काहीतरी’ हा नेहमीचा क्रम आहे, आणि तो उलटा करून पाहण्यासारखा आहे. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये ‘संगथ’ संस्थेने तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत मुख्यतः हेच केलं: मन लागण्याची वाट न पाहता, छोटी आणि अर्थपूर्ण कामं ठरवून ती करायला लावली. नेहमीच्या उपचारांना याची जोड मिळालेल्यांत सुधारणा अधिक दिसली. ते रुग्ण विलगीकरणातले नव्हते, पण कामातून मन सावरतं हे तत्त्व खोलीतही लागू पडावं असं मला वाटतं. यावर रास्त आक्षेप असा, की आजारी माणसाला विश्रांती हवी, त्याला कामाला कसलं लावता? बरोबर आहे. अंगात ताप असताना झोपच हवी. पण ताप उतरल्यानंतरचे दिवसही बाकीचे लोक त्याला झोपवूनच काढतात, आणि खरी घुसमट तिथे सुरू होते. तेव्हा त्याला श्रम देऊ नका, निर्णय द्या. वीजबिल कधी भरायचं, गॅस कधी नोंदवायचा, मुलाच्या शाळेला काय कळवायचं, दिवाळीला गावी जायचं की नाही. पेन्शनीत निघालेल्या वडिलांना घरचा हिशेब फोनवर पाठवून त्यात चूक काढायला सांगा, ते आनंदाने काढतील. इथे एक इशारा देणं भाग आहे. खोलीत घरची बाई असेल तर ‘सहभागा’च्या नावाखाली सगळं घर तिच्या दाराशी येऊन उभं राहतं: मिसळणाचा डबा कुठंय, कुकरच्या शिट्ट्या किती, बाळाचा टॉवेल कुठला. याला वाटा देणं म्हणत नाहीत. डबे आपले आपण शोधावेत, आणि तिला विचारायचं ते तिला मत द्यावंसं वाटेल असं विचारावं.

बोलण्याच्या बाबतीत आपण उत्साहात दोन टोकं गाठतो. एक तर कुणीच बोलत नाही, नाहीतर रात्री आठला पुण्याची मुलगी, न्यू जर्सीचा मुलगा, मामा, मावशी सगळे एकाच व्हिडिओ कॉलवर येतात आणि पेशंट चेहरा नीट ठेवून दमून जातो. २०२० मध्ये टेक्सासमध्ये एक प्रयोग झाला. घरपोच जेवण घेणाऱ्या २४० जणांपैकी निम्म्यांना, थोडंसंच प्रशिक्षण घेतलेल्या तरुण स्वयंसेवकांनी चार आठवडे फोन केले. पहिले पाच दिवस रोज, पुढे ज्याला जितके हवेत तितके. सल्ला देणं हे त्यांचं काम नव्हतं, समोरच्याला ज्यावर बोलायचंय त्यावर बोलू द्यायचं आणि ऐकायचं. फोन आलेल्यांचा एकटेपणा कमी झाला, नैराश्य आणि चिंताही कमी झाली. यातून घ्यायचं ते इतकंच: एका माणसाने, ठरलेल्या वेळी, दहा मिनिटं, साधा फोन करावा. ताप किती, ऑक्सिजन किती हे त्या फोनवर विचारू नये, ते दुसऱ्या कुणीतरी आधीच विचारलेलं असावं. आजारी माणसाला क्रिकेटवर बोलायचं असेल तर क्रिकेट. त्याला गप्प राहायचं असेल तर तेही चालेल. काही माणसांना आठवडाभराचा एकांत खरोखर मानवतो, त्यांच्यामागे करमणुकीचा ससेमिरा लावू नये.

सगळ्यांत खरा आक्षेप जागेचा आहे. वेगळी खोली, दार, कॅलेंडर ही भाषा दोन-तीन खोल्यांच्या घराची झाली. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं आणि संडास सार्वजनिक, तिथे विलगीकरण कसलं? धारावीत २०२० मध्ये शाळा आणि सभागृहं विलगीकरणासाठी घ्यावी लागली ती याच कारणाने, आणि असा पर्याय असेल तिथे तो घेण्यात कमीपणा नाही. पण पर्याय नसेल तर? १९५६ साली तेव्हाच्या मद्रासमध्ये क्षयरोगाच्या १९३ रुग्णांवर एक अभ्यास सुरू झाला. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवून औषधं दिली, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या, गरीब घरांत. घरी राहिलेल्या रुग्णांना खाणं कमी आणि आराम कमी मिळाला, तरी बरे होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच राहिलं, आणि घरी उपचार झालेल्यांच्या कुटुंबांना जास्त धोका झाल्याचं दिसलं नाही. लागण झाली त्यातली बरीच उपचार सुरू होण्याआधीच झालेली असते. प्रत्येक आजाराला हे लागू नाही. ज्यांना गोवर किंवा कांजिण्या आधी झाल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, त्यांना हे आजार एका खोलीत सहसा सोडत नाहीत. घरात गरोदर बाई किंवा तान्हं मूल असेल तर डॉक्टरांशी त्याच दिवशी बोलावं. पण क्षयरोगापुरतं तरी, औषधं सुरू झाल्यावर उरलेली भीती बहुधा उरलेल्या धोक्यापेक्षा मोठी असते. लहान घरात खिडकीजवळची जागा आजाऱ्याला द्या, खिडकी उघडी ठेवा, तोंडावर मास्क असू द्या आणि समोरासमोर बसण्याऐवजी लांबून बोला. दिवसातला एक तास बाकीच्यांनी ओट्यावर किंवा गॅलरीत काढला तर त्याला रडायला किंवा मोकळेपणाने फोनवर बोलायला तेवढा तरी आडोसा मिळतो.

काही गोष्टी मनाच्या खात्यात टाकायच्याच नसतात. वयस्कर माणूस अचानक असंबद्ध बोलू लागलं, दिवस-रात्र कळेनाशी झाली, घरच्यांना ओळखेना, तर ते ‘एकटं ठेवल्याने डोक्यात गेलं’ असं समजून समजूत घालत बसू नका. ऑक्सिजन किंवा क्षार खाली गेले असतील, आधी डॉक्टर. रोज पिणाऱ्या माणसाची दारू विलगीकरणामुळे एकदम सुटली आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, नसलेलं दिसू लागलं, फिट आली, तर तेही तातडीचं आहे. लाजेपोटी लपवलं तर जीव जाऊ शकतो. आणि कुणी ‘मी असून काय उपयोग’ असं पुन्हा पुन्हा म्हणू लागलं तर सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, मनात असेल तर बाहेर येतो. अशा वेळी त्या माणसाला एकटं ठेवू नका. संसर्गाची खबरदारी घेऊन जवळ बसा, हाताशी असलेल्या गोळ्या, औषधं काढून घ्या आणि १४४१६ या ‘टेलि-मानस’च्या क्रमांकावर फोन लावा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतूनही बोलता येतं.

बाहेर पडण्याचा दिवस हा शेवट नसतो, याची कल्पना दोन्ही बाजूंना असावी. लंडनच्या त्याच आढाव्यातल्या एका अभ्यासात, सार्समुळे विलगीकरणात राहिलेल्यांपैकी ५४ टक्के लोक नंतर खोकणाऱ्या-शिंकणाऱ्यांपासून दूर राहत, २६ टक्के गर्दीच्या बंद जागा टाळत आणि २१ टक्के सगळ्याच सार्वजनिक जागा टाळत. हे काही आठवडे चाललं. त्यामुळे ‘झालास ना बरा, मग आता काय’ असं म्हणून लगेच बाजारात धाडू नका. आधी जिना उतरून खाली, मग कोपऱ्यापर्यंत, मग दुकानात. घरातल्यांनी मात्र मुदत संपली त्याच दिवशी पंगतीला शेजारी बसवावं आणि वेगळं काढलेलं ताट धुऊन बाकीच्या ताटांत मिसळून टाकावं. दोन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, खाण्यावर वासना नसेल, माणूस खोलीतच बसून राहत असेल तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा. क्षयरोगात तर उपचार साधारण सहा महिने चालतात, आणि मन खचलेला माणूस गोळ्या अर्ध्यावर सोडण्याची शक्यता जास्त असते. दर महिन्याला गोळ्या आणायला जाल तेव्हा वजनाबरोबर झोपेचं आणि मनाचंही सांगा. तिथे कुणी विचारलं नाही तरी सांगा.